सांगोला विधानसभा मतदारसंघ: बालेकिल्ल्याची यादी आणि मताधिक्याचे आकडे

राज्यशास्त्राच्या एका विद्यार्थ्याने विचारले आहे की, सोलापूर जिल्ह्यातील सांगोला मतदारसंघाने गणपतराव देशमुख यांना अकरा वेळा विधानसभेत पाठवले, तर तो शेतकरी कामगार पक्षाचा बालेकिल्ला होता असे लिहिणे बरोबर ठरेल का, आणि २०२४ मध्ये त्यांचे नातू निवडून आल्यामुळे तो किल्ला पक्षाकडे परत आला असे म्हणता येईल का. माझ्या नोकरीची बरीच वर्षे निवडणूक शाखेत आणि मतमोजणीच्या टेबलांभोवती गेली असल्यामुळे अशा प्रश्नाकडे मी आधी आकड्यांच्या बाजूने पाहतो. त्या बाजूने पाहता दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असे येते. सांगोला हा एका माणसाने पुन्हा पुन्हा जिंकलेला मतदारसंघ आहे, परंतु विरोधकांची फार मोठी मते तिथे कायम होती आणि दोनदा तर ती हजाराच्या आतल्या फरकाने वरचढ ठरली. विजेत्यांची यादी नेमकी हीच गोष्ट दाखवत नाही, म्हणून उत्तर थोडे लांबवावे लागत आहे.

आधी यादीच नीट लावून घेऊ. देशमुख १९६२ मध्ये पहिल्यांदा निवडून आले आणि १९६७ मध्ये त्यांनी जागा राखली. १९७२ मध्ये काँग्रेसने त्यांचा पराभव केला. त्यानंतर १९७४ ची पोटनिवडणूक, १९७८, १९८०, १९८५ आणि १९९० असे सलग पाच विजय आहेत. १९९५ मध्ये पुन्हा पराभव झाला आणि नंतर १९९९, २००४, २००९ आणि २०१४ हे चार विजय मिळाले. बेरीज अकरा होते, पण ती पोटनिवडणूक धरूनच. अनेक विद्यार्थी केवळ सार्वत्रिक निवडणुकांचे अहवाल समोर ठेवून मोजतात आणि दहावर थांबतात, कारण पोटनिवडणुकीचा निकाल त्या अहवालांत येत नाही, त्याची नोंद वेगळी असते. कोणत्याही मतदारसंघाचा इतिहास लिहिताना पहिली खबरदारी ती हीच की, दोन सार्वत्रिक निवडणुकांच्या मधल्या वर्षांत काय घडले ते वेगळे तपासावे.

हा देशातील विक्रम आहे असेही बऱ्याच ठिकाणी छापलेले आढळते, ते मात्र खरे नाही. केरळमध्ये के. एम. माणी पाला मतदारसंघातून तेरा वेळा निवडून आले (त्यांतील १९६५ ची विधानसभा कधी भरलीच नाही, ती सोडली तरी बारा उरतात), आणि ओमन चांडी पुतुपल्लीतून बारा वेळा. महाराष्ट्रापुरता मात्र अकरा हा आकडा सर्वांत मोठा आहे, आणि एकाच पक्षाच्या झेंड्याखाली, तोही सत्तेपासून बहुतेक काळ दूर राहिलेल्या छोट्या पक्षाच्या झेंड्याखाली मिळालेला असल्यामुळे त्याचे मोल कमी होत नाही.

आता या यादीशेजारी राज्याचे निकाल ठेवून पाहा. १९६२ मध्ये २६४ पैकी २१५ जागा काँग्रेसकडे गेल्या असताना सांगोल्याने लाल बावट्याचा, म्हणजे शेतकरी कामगार पक्षाचा, आमदार निवडला. १९६७ मध्येही काँग्रेसला २७० पैकी २०३ जागा होत्या आणि सांगोला विरोधातच राहिले. १९७२ मध्ये, बांगलादेश युद्धानंतरच्या लाटेत काँग्रेसने २२२ जागा घेतल्या, शेतकरी कामगार पक्ष १९ वरून ७ वर आला आणि सांगोला त्या पडझडीत गेले. हा पराभव लाटेतला आहे, त्यासाठी स्थानिक कारणाचा फार शोध घेण्याची गरज नाही. दोनच वर्षांनी, दुष्काळाच्या झळा अजून ताज्या असताना आणि रोजगार हमीच्या कामांवर माणसे खडी फोडत असताना, तीच जागा पोटनिवडणुकीत परत आली. दुष्काळामुळेच ती परत आली असे मी म्हणणार नाही, कारण पोटनिवडणुकीत राज्याची हवा नसते, उमेदवार असतो, आणि तेवढेही पुरेसे ठरू शकते.

१९९५ चा पराभव याच्या अगदी उलट जातीचा आहे. त्या वर्षी राज्यात काँग्रेस ८० जागांपर्यंत घसरली, शिवसेना आणि भाजप यांचे सरकार आले, आणि नेमके त्याच वर्षी सांगोल्यात काँग्रेसचे तरुण उमेदवार शहाजीबापू पाटील १९२ मतांनी निवडून आले. म्हणजे राज्य काँग्रेसविरुद्ध जात होते तेव्हा सांगोला काँग्रेसकडे गेले. या मतदारसंघाचा एकच निकाल नीट समजून घ्यायचा असेल, तर मी हा घ्यायला सांगेन. तोवर ओळीने पाच विजय मिळवलेला, मंत्रिपद भूषवलेला, स्वच्छ प्रतिमेचा आमदार समोर असताना जवळजवळ निम्मा तालुका दुसऱ्या बाजूला उभा होता. ती मते एका रात्रीत तयार झालेली नव्हती. आधीच्या विजयांच्या वेळीही त्यांतली बरीचशी मते विरोधातच असणार, फक्त विजेत्याच्या नावाखाली ती झाकली गेली होती.

१९२ हा आकडा मतपत्रिकांच्या काळातला आहे, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. आजची पिढी यंत्रावरचा आकडा पाहते आणि तो उतरवून घेते. तेव्हा पेटी टेबलावर रिकामी होई, मतपत्रिका उलगडून उमेदवारनिहाय लावल्या जात, त्यांच्या गड्ड्या बांधल्या जात, आणि ज्या पत्रिकेबद्दल शंका असे ती बाजूला काढून निवडणूक निर्णय अधिकाऱ्यापुढे नेली जाई. शिक्का दोन चिन्हांवर उमटला आहे का, मतदाराने शिक्क्याऐवजी अंगठा लावला आहे का, पत्रिकेवर नाव किंवा ओळख पटेल अशी खूण आहे का, हे पाहून ती बाद ठरे. शिक्का दोन घरांच्या मधल्या रेघेवर पडला असेल तर मतदाराचा कल स्पष्ट होतो का यावर उमेदवारांच्या प्रतिनिधींमध्ये जोरदार वाद होई. घडी घालताना ओल्या शाईचा ठसा समोरच्या घरात उमटणे ही नेहमीची गोष्ट होती, आणि अनुभवी कर्मचारी पत्रिका पुन्हा त्याच घडीवर मिटून कोणता ठसा मूळचा आणि कोणता उलटा उमटलेला, हे दाखवून देत. ग्रामीण मतदारसंघात बाद मतांचा आकडा विजयी मताधिक्यापेक्षा मोठा निघणे त्या काळात नवलाचे नव्हते. म्हणून मतपत्रिकांच्या काळातील शेकड्यांतला फरक हा मतदारांचा स्पष्ट कौल म्हणून वाचू नये. ‘मतदारसंघ दुभंगलेला होता’ एवढेच त्यातून ठामपणे निघते.

बालेकिल्ल्याच्या कल्पनेला दुसरा छेद लोकसभेच्या निकालांनी जातो. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेपूर्वी सांगोला हा पंढरपूर राखीव लोकसभा मतदारसंघाचा भाग होता, आणि १९७७ पासून १९९८ पर्यंत ती जागा काँग्रेसचे संदिपान थोरात सातत्याने जिंकत आले. पुढे १९९९ आणि २००४ मध्ये तिथून रामदास आठवले निवडून गेले. विधानसभेला लाल बावटा आणि लोकसभेला दुसराच पक्ष, असे एकाच तालुक्याने अनेक वर्षे केले. लोकसभेच्या जागेत इतरही विधानसभा क्षेत्रे होती, त्यामुळे तिथला निकाल हा सांगोल्याचा निकाल नव्हे, हे खरे. तरीही शेतकरी कामगार पक्षाचे मत सांगोल्यात केवळ पक्षाचे मत असते तर लोकसभेच्या राजकारणात त्या पक्षाचे वजन कुठेतरी जाणवले असते. ते फारसे जाणवले नाही. सांगोल्यातील बरेचसे मत ‘आबासाहेबांना’, म्हणजे गणपतरावांना, होते, आणि आबासाहेब नसलेल्या निवडणुकीत ते मोकळे होते.

त्याच काळात पक्ष राज्यात आटत चालला होता. १९६२ मध्ये १५, १९६७ मध्ये १९, १९७८ आणि १९८५ मध्ये प्रत्येकी १३, १९९० मध्ये ८, १९९५ मध्ये ६, १९९९ मध्ये ५ आणि २००४ मध्ये २ अशा त्याच्या जागा आहेत. अखेरीस रायगडचा पट्टा आणि सांगोला एवढीच बेटे उरली. रायगडात पक्षाची घरोघर पोचलेली संघटना होती, तशी सांगोल्यातही होती, पण सांगोल्याचा आधार मुख्यतः एका कार्यपद्धतीवर उभा होता. सोलापूर जिल्ह्यात काँग्रेसचे जाळे ऊस, साखर कारखाना आणि त्यांच्याभोवतीच्या सोसायट्या यांतून विणले गेले होते. सांगोला तालुका माणदेशातला, पाऊस कमी आणि बेभरवशाचा, ज्वारी-बाजरीचा, खिलार जनावरांचा आणि पुढे डाळिंबाचा. उसाच्या जोरावर उभे राहणारे राजकारण तिथे मुळातच कमकुवत होते. जिथे कापूस पिकत नाही अशा तालुक्यात सहकारी सूतगिरणी उभी करून ती चालवून दाखवणे, छावणी, टँकर आणि रोजगार हमीच्या कामांच्या मागे तहसील कार्यालयापासून मंत्रालयापर्यंत लागणे, ही देशमुखांच्या राजकारणाची रीत होती. त्यांच्या एसटीच्या प्रवासाच्या गोष्टी सगळे सांगतात आणि त्या खऱ्याही आहेत, मात्र एसटीने प्रवास केल्याने कुणी अकरा वेळा निवडून येत नाही.

पाण्याच्या प्रश्नाला या इतिहासात स्वतंत्र जागा द्यावी लागेल. १९९३ पासून आटपाडीला नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने कृष्णा खोऱ्यातील दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा भरू लागल्या आणि गणपतराव त्या चळवळीच्या अग्रभागी राहिले. कृष्णा पाणी तंटा लवादाने महाराष्ट्राच्या वाट्याला दिलेले पाणी २००० पर्यंत अडवून वापरात आणण्याचा तगादा तेव्हा सरकारच्या मागे होता. त्यातून १९९६ मध्ये महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले आणि टेंभू, म्हैसाळसारख्या उपसा सिंचन योजनांना गती मिळाली. काळाचा क्रम असा की, १९९५ ते १९९९ या आमदारकी नसलेल्या वर्षांत देशमुखांच्या हाती हेच काम होते. पराभूत पुढारी ती साडेचार वर्षे कशात गुंतलेला होता हे निवडणुकीच्या अहवालात कुठेही नोंदलेले नसते, पण १९९९ चा विजय समजून घेताना मला ते एखाद्या टक्केवारीइतकेच महत्त्वाचे वाटते.

जातीचा मुद्दा टाळून चालणार नाही, कारण सांगोल्याबद्दल कोणी दोन वाक्ये बोलले की दुसरे वाक्य ‘धनगरबहुल’ या शब्दावर येते. तालुक्यात धनगर आणि मराठा हे दोन मोठे समाज आहेत आणि देशमुख धनगर समाजातले होते, हे खरे. पण टक्केवारीचे जे आकडे प्रत्येक निवडणुकीत वर्तमानपत्रांतून फिरतात त्यांना अधिकृत आधार नाही. मतदार यादीत जात नोंदवली जात नाही, आणि अनुसूचित जाती-जमाती वगळता इतर जातींची प्रसिद्ध झालेली गणना १९३१ ची आहे. बाकीचे सारे कार्यकर्त्यांचे अंदाज असतात आणि ते त्यांच्या उमेदवाराच्या सोयीने फुगतात किंवा आटतात. त्याहून मोठी अडचण तर्काची आहे. १९९० ते १९९५ या पाच वर्षांत तालुक्याची जातीय रचना बदललेली नव्हती, उमेदवाराची जात बदलली नव्हती, तरी निकाल बदलला. जो घटक दोन्ही वेळा तसाच होता तो फरकाचे कारण असू शकत नाही. जातीमुळे दोन्ही बाजूंची मूळ मते ठरत असतील, पण निकाल ठरवणारी शेवटची पाच-सात हजार मते गट-तट, भावकी, जिल्हा परिषदेच्या गटातील नाराजी आणि तिसरा उमेदवार कोण, यांवरून हलतात. ग्रामीण मतदारसंघात ‘तिसरा कोण’ हा प्रश्न नेहमी आधी विचारावा.

२००८ च्या पुनर्रचनेने यादीत आणखी एक तुटक रेषा आणली. २००९ पासून सांगोला नव्या माढा लोकसभा मतदारसंघात गेला, आणि विधानसभा क्षेत्रात सांगोला तालुक्याबरोबर पंढरपूर तालुक्यातील भाळवणी मंडळ आले. नाव तेच राहिले म्हणून मतदार तेच राहिले असे समजू नये. १९६७, १९७८ आणि २००९ या तिन्ही निवडणुका नव्या पुनर्रचनेनंतरच्या आहेत. त्यामुळे १९६२ च्या सांगोल्याची टक्केवारी आणि २०१४ च्या सांगोल्याची टक्केवारी एका आलेखावर सरळ रेषेने जोडणे हे शास्त्राला धरून नाही. मी स्वतः चार तुकडे पाडतो: १९६२ चा एक, १९६७ ते १९७४, १९७८ ते २००४ आणि २००९ नंतरचा.

या शेवटच्या तुकड्यातील तीन निकाल शेजारी ठेवले की मूळ प्रश्नाचे उत्तर मिळते.

२०१४ मध्ये देशमुखांना ९४,३७४ मते मिळाली आणि शहाजीबापू पाटील यांना ६९,१५०. फरक २५,२२४ मतांचा. १९९५ चे काँग्रेस विजेते या वेळी शिवसेनेच्या धनुष्यबाणावर उभे होते. दोघांच्या मतांच्या बेरजेत देशमुखांचा वाटा ५७.७ टक्के होता. वयाच्या नव्वदीकडे झुकलेला उमेदवार, राज्यात मोदी लाट आणि चार प्रमुख पक्ष वेगवेगळे लढत असताना मिळालेला हा विजय, माझ्या मते, त्यांच्या व्यक्तिगत मताचे अखेरचे आणि स्वच्छ मोजमाप आहे.

२०१९ मध्ये ते उभे राहिले नाहीत. पक्षाने आधी एक नाव जाहीर केले, कार्यकर्त्यांच्या आग्रहामुळे ते बदलले आणि नातू डॉ. अनिकेत देशमुख यांना उमेदवारी दिली. दुसरीकडे राष्ट्रवादीचे दीपक साळुंखे यांनी शहाजीबापूंना पाठबळ दिले. निकाल असा लागला: शहाजीबापू पाटील ९९,४६४ आणि अनिकेत देशमुख ९८,६९६. फरक ७६८. २०१४ च्या तुलनेत शेतकरी कामगार पक्षाची मते चार हजारांहून अधिक वाढली, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. ‘आबासाहेब नसल्यामुळे मते गेली’ हे वाक्य म्हणूनच अपुरे आहे. मते गेली नाहीत, उलट समोरची बाजू तीस हजारांनी वाढली. त्या वाढीचे सर्वांत सरळ स्पष्टीकरण साळुंखे गटाच्या पाठिंब्यात आहे, आणि ते स्पष्टीकरण पूर्ण आहे की नाही हे केंद्रनिहाय आकड्यांवरून तपासता येते; त्याकडे मी शेवटी येतो.

पुढचा घटनाक्रम सर्वांना ठाऊक आहे. ३० जुलै २०२१ रोजी गणपतराव देशमुख यांचे निधन झाले. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, शहाजीबापू एकनाथ शिंदे यांच्याबरोबर गुवाहाटीला गेले आणि झाडी, डोंगार, हाटीलवाल्या त्यांच्या फोनवरील संभाषणाने सांगोल्याचे नाव घराघरांत पोचवले. महाराष्ट्रभर मिळालेली ती प्रसिद्धी मतांत उतरली असती तर २०२४ चा निकाल वेगळा दिसला असता. तो असा आहे: शेतकरी कामगार पक्षाचे डॉ. बाबासाहेब देशमुख, हेही गणपतरावांचे नातू, १,१६,२५६. शिंदे यांच्या शिवसेनेचे शहाजीबापू पाटील ९०,८७०. आणि उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेच्या मशालीवर लढलेले दीपक साळुंखे ५०,९६२. मताधिक्य २५,३८६.

२०१४ चे मताधिक्य २५,२२४ आणि २०२४ चे २५,३८६. फरक फक्त १६२ मतांचा, म्हणून काही जणांनी लगेच ‘सांगोला मूळपदावर आले’ असे लिहिले. मताधिक्य हा आकडा किती फसवा असतो, याचे याहून चांगले उदाहरण मला शोधूनही मिळणार नाही. २०१४ मध्ये पहिल्या दोघांच्या बेरजेत विजेत्याकडे जवळजवळ ५८ टक्के होते. २०२४ मध्ये पहिल्या तिघांची बेरीज २,५८,०८८ होते आणि विजेत्याचा तिच्यातला वाटा ४५ टक्के भरतो. विरोधातील दोघांची मिळून १,४१,८३२ मते होतात, म्हणजे विजेत्यापेक्षा ती पंचवीस हजारांहून अधिक आहेत. अशा निकालाला किल्ला परत आला असे म्हणता येत नाही.

पण याच आकड्यावरून उलट्या टोकाला जाऊन ‘केवळ मतविभागणीमुळे शेतकरी कामगार पक्ष जिंकला’ असे म्हणणेही तेवढेच घाईचे आहे, आणि निकालानंतर ते फार ऐकू आले. त्याची तपासणी साध्या गणिताने होते. साळुंखे उभे नसते आणि त्यांच्या सर्व मतदारांनी मत दिलेच असते असे धरू. शहाजीबापूंना पुढे जाण्यासाठी त्या ५०,९६२ मतांपैकी सुमारे ३८,१७५ मते मिळायला हवी होती, म्हणजे चारांपैकी तीन. चौथे मत देशमुखांकडे गेले तरी चालले असते, पण त्याहून थोडेही जास्त नाही. २०१९ मध्ये साळुंखे स्वतः शहाजीबापूंच्या बाजूने होते, त्यामुळे त्यांच्या खास गटाचे मत त्या बाजूला वळणे शक्य होते. मात्र २०२४ मध्ये मशालीला मिळालेली मते ही फक्त त्यांच्या गटाची नव्हती. त्यांत शिंदे गटावर रागावलेला जुना शिवसैनिक होता आणि महाविकास आघाडीकडे झुकलेला मतदारही होता. असा मतदार धनुष्यबाणाकडे पंचाहत्तर टक्के वळला असता, असे मानायला मला आधार दिसत नाही. महाविकास आघाडीतच ही जागा दोन पक्षांनी लढवली, याचा फटका देशमुखांनाही बसला असण्याची शक्यता तितकीच आहे.

आणखी एक बाब. शहाजीबापूंची मते २०१९ पेक्षा फक्त ८,५९४ ने घटली, तर देशमुखांची १७,५६० ने वाढली. साळुंखे यांचा पाठिंबा गेल्यावर शहाजीबापूंची मते एवढीच कमी झाली असतील, तर एक तर त्या पाठिंब्याचे वजन लोक समजतात तेवढे नव्हते, किंवा शहाजीबापूंनी तो खड्डा नव्या मतांनी बऱ्याच अंशी भरून काढला. राज्यात मतदान २०१९ च्या सुमारे ६१ टक्क्यांवरून २०२४ मध्ये सुमारे ६६ टक्क्यांवर गेले, म्हणजे नव्याने मतदानाला उतरलेले लोक सर्वत्र होते. महिलांना मिळालेल्या लाडकी बहीण योजनेच्या पैशाचा लाभ सत्ताधारी उमेदवारांना राज्यभर झाला असे मानले जाते. सांगोल्यात तो झाला असेल, तर तो शहाजीबापूंच्या टिकून राहिलेल्या मतांत दडलेला असू शकतो. हे अनुमान आहे, त्याला निष्कर्षाचा दर्जा देऊ नये.

अनुमानाकडून पुराव्याकडे जायचे असेल तर नमुना २० हा कागद मिळवावा. प्रत्येक विधानसभा निवडणुकीनंतर निवडणूक निर्णय अधिकारी तो तयार करतो. त्यात मतदान केंद्राचा क्रमांक, त्यापुढे प्रत्येक उमेदवाराची मते, ‘वरीलपैकी कोणी नाही’ची मते आणि एकूण असे रकाने असतात, आणि टपाली मते तळाशी वेगळी धरलेली असतात. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर अलीकडच्या निवडणुकांचे हे तक्ते मिळतात. मतदानयंत्रे सर्वत्र आल्यापासून, म्हणजे महाराष्ट्रात २००४ नंतर, केंद्रनिहाय आकडे भरवशाने हाती लागतात. त्याआधीच्या काही निवडणुकांत वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका मुद्दाम मिसळून मोजल्या गेल्या, गावाने कुणाला मत दिले ते उघड होऊ नये म्हणून. त्यामुळे १९९५ मध्ये अमुक गावाने आबासाहेबांना दगा दिला वगैरे ज्या गोष्टी आजही छातीठोकपणे सांगितल्या जातात, त्या ऐकून घ्याव्यात, लिहिताना त्यांवर विसंबू नये.

२०१९ आणि २०२४ चे दोन्ही तक्ते घेतले की एक अडचण लगेच येईल: केंद्रांचे क्रमांक जुळणार नाहीत. मतदारसंख्या वाढली की एका केंद्राची दोन होतात, आणि त्यापुढचे सगळे क्रमांक सरकतात. म्हणून क्रमांकावरून नव्हे, मतदान केंद्रांच्या यादीतील गावाच्या आणि शाळेच्या नावावरून जुळणी करावी, आणि एका गावाची सर्व केंद्रे एकत्र करून गाव हे एकक धरावे. मग तीन गट पाडावेत. पहिला जवळा हे गाव आणि त्याचा परिसर, कारण साळुंखे यांचा प्रभाव तिथे आहे. २०१९ मध्ये या भागात शहाजीबापूंना मिळालेली मते २०२४ मध्ये कुठे गेली, हे पाहिले की त्या पाठिंब्याचे खरे वजन कळेल. दुसरा गट भाळवणी मंडळाचा, जिथे आबासाहेबांची चाळीस-पन्नास वर्षांची मशागत नव्हती आणि जिथले कल पंढरपूरच्या राजकारणाशी जोडलेले आहेत. शेतकरी कामगार पक्षाची २०२४ मधील वाढ तिथेही दिसली, तर ती जुन्या पुण्याईवरची नाही असे मानता येईल. तिसरा गट उपसा योजनांचे पाणी पोचलेल्या आणि न पोचलेल्या गावांचा. पाणी आलेल्या गावात राजकारण संपत नाही, त्याचा विषय बदलतो: टँकरची मागणी मागे पडते आणि आवर्तन वेळेवर सुटले का, पाणीपट्टी कोणी भरली, शेपटाच्या शेताला पाळी मिळाली का, यांवर भांडण सुरू होते. त्या भांडणात जुना चळवळीचा पक्ष लाभात राहतो की सत्तेतला आमदार, हे सांगोल्यातल्या दोन निवडणुकांच्या गावनिहाय आकड्यांतून तपासता येण्यासारखे आहे, आणि प्रबंधासाठी विषय शोधत असाल तर तिथूनच सुरुवात करावी, असे मी सुचवेन.